यादवीची चाहूल : वाणीकडे लक्ष द्या

साधकहो, समाजात यादवी पेटते तेव्हा सारे अचानक घडले असे वाटते. रवांडाचा इतिहास अभ्यासला की हा समज टिकत नाही.

आफ्रिकेतील या लहानशा देशात हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत, त्यांच्यात सोयरीकही होत असे. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर प्रत्येकाचा गट नोंदवला. स्वातंत्र्यानंतरही ती नोंद तशीच राहिली.

१९९० च्या ऑक्टोबरमध्ये तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने युगांडातून चढाई केली. लोक घाबरले, ते स्वाभाविकच होते. पण त्या भीतीचा रोख शेजारच्या निरपराध तुत्सी कुटुंबांकडे वळवण्यात आला. डिसेंबरमध्ये 'कांगुरा' नियतकालिकाने हुतूंसाठी 'दहा आज्ञा' छापल्या. तुत्सी स्त्रीशी लग्न करणारा, तुत्सीबरोबर धंद्यात भागी करणारा हुतू त्यात द्रोही ठरवला होता. १९९३ च्या जुलैत आरटीएलएम रेडिओ सुरू झाला. छान गाणी, थट्टामस्करी, गप्पा. तरुणांना तो फार आवडे. त्याच गप्पांतून 'इन्येंझी', म्हणजे झुरळे, हा शब्द तुत्सींसाठी रुळला. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तेव्हा शस्त्र हाती धरलेले नव्हते, ते फक्त हसत होते. मला वाटते, सर्वांत गंभीर लक्षण हेच.

६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि पुढच्या सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. नाक्यानाक्यावर ओळखपत्रे तपासली जात होती. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची हत्या झाली. त्या स्वतः हुतू होत्या, पण मवाळ होत्या. आपल्यातल्याच समजूतदार माणसाला गद्दार म्हणू लागणे, हेही लक्षण ओळखून ठेवावे.

गीतेच्या १७ व्या अध्यायात वाणीचे तप वेगळे सांगितले आहे. आपण जप-ध्यान नेमाने करतो, आणि उठल्यावर मोबाइलवर आलेला एखाद्या समाजाची टिंगल करणारा संदेश सहज पुढे पाठवतो! तेवढ्यापुरते हे तप विसरले जाते.

या आठवड्याच्या स्वाध्यायासाठी एक वही ठेवा. 'ते लोक असेच' हे शब्द आपण दिवसात किती वेळा उच्चारले, ते रोज रात्री लिहा. त्यापुढे, त्या समाजातल्या ज्या माणसाला आपण खरोखर ओळखता, त्याचे नाव लिहा. नाव सुचले नाही, तर तेही लिहा, आणि पुढच्या सत्संगाला वही घेऊन या.