जुना सायकल-ट्रेनर आणि मुक्त आज्ञावली

बंगळूर शहरापासून सुमारे ६० किलोमीटरांवर नंदी दुर्ग ही १,४७८ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्यावर चढताना सायकलस्वाराच्या पायांना जो भार जाणवतो, तोच घरातील खोलीत उत्पन्न करणे हे सायकल-ट्रेनर या यंत्राचे कार्य होय. सायकलीचे मागील चाक एका रुळावर टेकविलेले असते व रुळास जोडलेला ब्रेक त्यास विरोध करतो. विरोध आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. स्वार व सायकल मिळून ८५ किलोग्रॅम वस्तुमान आणि चढ शेकडा सहा असेल, तर केवळ चढासाठी सुमारे ५० न्यूटन बल लागते; ताशी १० किलोमीटर वेगास सुमारे १४० वॉट.

टॅक्स या डच कंपनीच्या फोर्टिअस या जुन्या ट्रेनरमध्ये ब्रेकचे काम मोटर करते. परंतु किती विरोध करावयाचा, हे तिला संगणकाने सतत सांगावे लागते. संगणकाची कार्यप्रणाली बदलली आणि मूळ आज्ञावली चालेनाशी झाली, की धडधाकट यंत्रही अडगळीत जाते. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते. संभाषण तेवढे तुटलेले असते.

ते जोडण्यासाठी ‘फोर्टिअस-अँट’ ही मुक्त आज्ञावली पायथन भाषेत लिहिली गेली. ती दुभाष्याचे काम करते. एकीकडे यूएसबी तारेतून ती ब्रेकशी त्याच्या जुन्या भाषेत बोलते, तर दुसरीकडे आजच्या सराव-आज्ञावलींशी बिनतारी संकेतांनी. काही नमुन्यांच्या नियंत्रक-पेटीस वीज मिळताच तिच्या अंतर्गत आज्ञाही दर वेळी नव्याने पुरवाव्या लागतात. त्यानंतर अंशशोधन. स्वार नसताना मोटरच चाक फिरविते. टायर तापून त्याचा विरोध स्थिर झाला, की तो मोजून पुढील हिशेबात धरतात. ही पायरी टाळणाऱ्याने वॉटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

एक बाब बंगळूरच्या वाचकाने विशेष ध्यानी घ्यावी. अशा यंत्रांच्या बिनतारी संकेत-प्रमाणात हवेच्या विरोधाचा गुणांक, अन्य सूचना नसल्यास, ०.५१ धरलेला असतो. त्यामागे हवेची घनता दर घनमीटरला १.२७५ किलोग्रॅम मानली आहे. ती समुद्रसपाटीवरील थंड हवेची. बंगळूर मात्र सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे २७ अंश सेल्सियस तापमानास घनता १.०५ च्या आसपास भरते आणि गुणांक ०.४२ होतो. विरोधाचे बल म्हणजे गुणांकाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगाने, पहिल्या गुणांकानुसार २५५ वॉट लागतात, दुसऱ्यानुसार २१०. हा ४५ वॉटांचा फरक सरावाचा सारा आराखडा चुकवू शकतो. बंद आज्ञावलीत असा अंक कोठे दडला आहे हेही कळत नाही. मुक्त आज्ञावलीत तो शोधून बदलता येतो.

नंदीच्या चढावर मात्र या दुरुस्तीने विशेष काही साधत नाही. ताशी १० किलोमीटर वेगास हवेचा विरोध दोन न्यूटनांहूनही कमी असतो. तेथे भार पडतो तो गुरुत्वाकर्षणाचा.