समुद्रफूल आणि नव्या टाकीची घाई



प्रयोगशाळेच्या दाराशी असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीभोवती मधल्या सुट्टीत किती गर्दी होते, ते मी रोज पाहतो. त्या गर्दीतून हल्ली एकच प्रश्न येतो, "सर, आम्ही पण घरी टाकी आणली आहे. समुद्रफूल कधी आणू?" दोन पालकांनीही हेच विचारले. एका शब्दात उत्तर द्यायचे तर "थांबा". पण का थांबायचे हे कळल्याशिवाय कोणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो, म्हणून आधी ती हकीगत सांगतो.

2023 च्या जानेवारीत आपली नववीची सहल जामनगरकडे नरारा येथे गेली होती. तिथले सागरी राष्ट्रीय उद्यान देशातले पहिले, 1982 सालचे. ओहोटीला पाणी मागे सरले की खडकांतल्या डबक्यांमधून पायी फिरता येते. तिथे मुलांनी पहिल्यांदा जिवंत समुद्रफूल, म्हणजेच सी ॲनिमोन, पाहिले. (तिथून काहीही उचलून आणणे गुन्हा आहे, रिकामा शिंपलासुद्धा.) बडोद्याला परतल्यावर सर्वांनी टाकीचा हट्ट धरला आणि जूनमध्ये ती सुरू झाली. सोळाव्या दिवशी मी दुकानातून एक समुद्रफूल आणले. पांढरेशुभ्र, टोकांना जांभळी झाक. दुकानदाराने विचारले होते, "टाकी किती जुनी आहे?" मी म्हटले, "जुनीच आहे." नवव्या दिवशी, सोमवारी, प्रयोगशाळा उघडली तर आत कुजका वास. फुलाचा लगदा झाला होता आणि दोन मासे मरून तरंगत होते.

पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते. मग चुकले काय?

टाकीतल्या प्राण्यांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच कमी घातक. तुम्ही हे "नायट्रोजन चक्र" या धड्यात वाचले आहे. समुद्रात हे चक्र आपोआप चालते, पण नव्या टाकीत हे जीवाणू नसतातच म्हणा ना. दगडांवर आणि वाळूत त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी म्हणजे मोरी नसलेले घर. चाचणीच्या थेंबांनी तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच पहिला मासा सोडावा.

समुद्रफुलासाठी मात्र एवढेही पुरत नाही. त्याला सहा महिने, शक्य तर वर्षभर, थांबावे असे अनुभवी लोक सांगतात. हा जेलीफिश आणि प्रवाळ यांच्या कुळातला, निडारिया संघातला प्राणी. त्याला रक्त नाही, कल्ले नाहीत, कवच नाही. आत जाण्याचे आणि बाहेर येण्याचे तोंड एकच. टाकीतले पाणीच त्याच्या शरीराच्या पोकळीत फिरत असते, म्हणून पाण्यातला बिघाड त्याला ताबडतोब बाधतो. माशाला पांढरे ठिपके आले की काही जण तांब्याचे औषध टाकतात. त्याने मासा बरा होईल, पण समुद्रफूल मरेल.

आता त्या पांढऱ्या रंगाविषयी. टाकीत ठेवतात त्या जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. या शैवालामुळे निरोगी फूल तपकिरी किंवा हिरवट दिसते. शुभ्र फूल सुंदर दिसते खरे, पण त्याने शैवाल गमावलेले असते, म्हणजे ते उपाशी असते. भडक पिवळे किंवा निळे दिसले तर बहुधा रंग दिलेला असतो. मी आणलेले फूल आधीच अर्धमेले होते आणि मला ते सर्वांत देखणे वाटले होते! घेताना रंगाऐवजी तोंड पाहा. तोंड घट्ट मिटलेले हवे, शुंडके चिकट हवीत आणि तळवा कुठेतरी पक्का धरलेला हवा. तो ओढून सोडवू नये, फाटला तर जखम सडते.

शैवालाला प्रकाश हवा, म्हणून टाकीवर प्रवाळांसाठी मिळतो तसा तीव्र दिवा रोज आठ ते दहा तास लागतो. घरातली साधी ट्यूबलाइट पुरत नाही.

आपल्या गावचा खरा शत्रू म्हणजे मे महिना. समुद्रफुलाला 25 ते 27 अंश तापमान मानवते आणि आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो. पाणी थंड करणारे यंत्र महाग आहे. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण मग दुसरीच भानगड सुरू होते. हे गणित वहीत करून पाहा. 100 लिटर पाण्यात लिटरला 35 ग्रॅम याप्रमाणे 3500 ग्रॅम क्षार आहेत. रोज दोन लिटर पाणी उडाले, तर पाच दिवसांनी 90 लिटर उरते. क्षार मात्र तेवढेच, म्हणजे लिटरला जवळजवळ 39 ग्रॅम. आता कोणी "खारे पाणी कमी झाले" म्हणून दहा लिटर खारेच पाणी ओतले, तर क्षार 3850 ग्रॅम होतात आणि तीव्रता 38.5 वर राहते. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तेही आर.ओ.चे, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. खारे पाणी लागते ते फक्त टाकीतले थोडे पाणी काढून बदलताना. त्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. ते जवळजवळ नुसते सोडियम क्लोराइड असते, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्यात नसल्यातच जमा.

आणखी एक. हे "फूल" चालते. जागा आवडली नाही तर रात्रीतून हळूहळू सरकते आणि पंपाच्या तोंडात ओढले जाऊन त्याच्या चिंध्या होतात. पंपाला स्पंजची टोपी आधी लावा, फूल नंतर आणा. खायला आठवड्यातून एकदा त्याच्या तोंडाहून लहान असा कोळंबीचा तुकडा पुरतो. (ज्यांच्या घरी कोळंबी येत नाही त्यांनी आजीची परवानगी घेऊनच हा छंद धरावा.) कधी ते आक्रसून मुठीएवढे होते, तपकिरी घाण टाकते आणि पुन्हा फुलते. त्याला घाबरू नका. पण तोंड सैल उघडे राहिले, तळवा सुटला, वास आला, तर त्याच क्षणी बाहेर काढा, नाहीतर आपल्यासारखे मासेही जातील. आणि "निमो"साठी फूल हवेच असे नाही. तो मासा टाकीत फुलाशिवायही सुखाने राहतो.

पाण्याकडे लक्ष दिले तर हा प्राणी किती जगतो, याचा एक दाखला आहे. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी 1828 साली समुद्रकाठाहून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवले. ते थंड समुद्रातले, आपल्या फुलांसारख्या तीव्र दिव्याची गरज नसलेले. पंप नाही, यंत्र नाही, नियमाने ताजे समुद्राचे पाणी बदलणे एवढीच निगा. डॅलियेल 1851 साली वारले, फूल पुढच्या माणसांनी सांभाळले. लोक त्याला "ग्रॅनी", म्हणजे आजी, म्हणू लागले. ती 1887 साली गेली.

आपल्या टाकीतले दुसरे समुद्रफूल आपण 2024 च्या मे महिन्यात आणले, टाकी अकरा महिन्यांची झाल्यावर. ते तपकिरी आहे आणि डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर ठाण मांडून बसले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या पाळ्यांचा तक्ता प्रयोगशाळेच्या दारावर लावला आहे. काचेवर लाल रेघ आखली आहे, पाणी तिच्याखाली गेले की निळ्या कॅनमधले गोडे पाणी रेघेपर्यंत घालायचे. पांढऱ्या कॅनमध्ये खारे पाणी आहे, त्याला मला विचारल्याशिवाय हात लावू नये.