टर्बो गाडीचा पेट्रोल पंप : खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

'टर्बो' हा शब्द पूर्वी आपण ट्रकवर लिहिलेला वाचत होतो. आता कुडाळ-सावंतवाडीकडच्या गॅरेजांत पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो मोटारीही येतात, आणि आखातातून सुटीवर आलेली आपली तरुण मुले त्यांची ताकद वाढवून मागतात. काम चांगल्या मजुरीचे आहे. पण त्यात एक जागा अशी आहे की तेथे चूक झाली तर मजुरीबरोबर इंजिनही जाते. ती जागा म्हणजे पेट्रोल पंप. हमरस्त्यावरचा नव्हे, गाडीच्या टाकीत बुडवून बसवलेला, विजेवर चालणारा.

कापड विकणाऱ्याने या विषयात का पडावे, असे वाचक विचारतील. आमच्या भाच्याचे गॅरेज आहे. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला त्याने मोठा टर्बो बसवला आणि त्याबरोबर '२५५ लिटर' लिहिलेला पंपही घातला. आठ दिवसांत महामार्गावर गाडीने जोर धरला असता एक पिस्टन वितळला. इंजिन पदरचे पैसे घालून करून द्यावे लागले, आणि आम्ही सणाच्या मालासाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली. "मामू, पंप तर सगळ्यात मोठा घातला होता," असे तो पुन:पुन्हा म्हणत होता. मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. तोच येथे मांडतो.

गाडी होती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. ही गाडी २००४ साली आपल्याकडे आली; कंपनीचा कारखाना तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला. इंजिन १.८ लिटरचे, ताकद सुमारे १५० हॉर्सपॉवर. टर्बो काय करतो, तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबतो. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. हवा वाढली की त्याच प्रमाणात पेट्रोलही वाढले पाहिजे. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले तर जाळ जास्त तापतो, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम काही क्षणांत जाते.

आता गरज किती? टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरावर एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरतात. गिऱ्हाइकाला २५० हॉर्सपॉवर हवी होती. म्हणजे तासाला साडेसदुसष्ट किलो. पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या आत भरतो, म्हणून हे झाले ९१ लिटर. पंपावर आज २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉलला तेवढ्याच हवेत जास्त माल लागतो. सुमारे ९ टक्के वाढवा. झाले १०० लिटर. त्यावर चौथा हिस्सा शिल्लक ठेवला की १२५. पंपावर तर २५५ लिहिलेले. मग पिस्टन का वितळला?

आमच्या धंद्यात ताग्यावर चाळीस मीटर लिहिलेले असले तरी आम्ही तो पुन्हा मोजून घेतो. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बहुधा तीन बारच्या आतल्या दाबावर आणि साडेतेरा व्होल्टवर मोजलेला असतो. गाडीत दोन्ही गोष्टी बदलतात. टर्बो जेव्हा १.३ बारने हवा दाबतो तेव्हा ती हवा इंजेक्टरच्या तोंडावर उलट रेटते. म्हणून रेग्युलेटर पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढवतो. मूळचा ३ आणि वरचा १.३ मिळून ४.३ बार. दाब वाढला की पंपाची धार कमी होते. ज्या क्षणी पेट्रोल सर्वांत जास्त हवे, त्याच क्षणी पंप सर्वांत कमी देतो.

दुसरी गोष्ट विजेची, आणि आपल्या किनाऱ्यावर हीच जास्त घात करते. वीस वर्षांची बारीक वायर, खाऱ्या हवेने हिरवी पडलेली अर्थिंगची जागा. मोठा पंप जास्त करंट ओढतो, तशी त्या वायरीतच वीज खर्ची पडते. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट होते; भाच्याने पंपाच्या प्लगवर मीटर लावला तर जेमतेम साडेदहा. दीड व्होल्ट कमी झाला तरी धारेचा पाचवा हिस्सा सहज जातो, येथे तीन गेले होते.

हे सगळे गाडी रस्त्यावर न नेता मोजता येते. रेलवर रेग्युलेटर आणि परतीची नळी असलेल्या गाडीत ती नळी सोडून खुणा असलेल्या कॅनमध्ये धरावी. रेग्युलेटरच्या हवेच्या नळीला हातपंपाने टर्बोइतका दाब द्यावा, बॅटरीला चार्जर लावावा, इंजिन बंद ठेवून पंप गाडीच्याच वायरीवर अर्धा मिनिट चालवावा. जितके लिटर भरेल त्याला १२० ने गुणले की तासाचा आकडा. हे काम उघड्यावर करावे, अग्निशामक हाताशी असावा आणि आसपास कोणी विडी ओढू नये. आम्हाला हवे होते अर्ध्या मिनिटात लिटरहून थोडे जास्त. भरले पाऊण लिटर, म्हणजे तासाला ९०. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

पंप तोच ठेवला. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर नेली, अर्थिंग घासून नवे केले. दीड लिटरहून अधिक भरले. खर्च पंपाच्या किमतीच्या कितीतरी आत.

यावरून दोन पंप किंवा राक्षसी पंप घालावा असा मोह होतो. या ताकदीला त्याची गरज नाही. उरलेले पेट्रोल फिरून टाकीत जाते, जाताना इंजिनाची उष्णता घेऊन जाते. परतीची नळी बारीक असेल तर रेग्युलेटरला दाब आवरत नाही. दुहेरी पंप चारशे-पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्यांसाठी, लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरतात तशा. आंबोलीच्या वळणांवर पेट्रोल टाकीत एका बाजूला जाऊन पंप हवा ओढत असेल तर मोठा पंप काही कामाचा नाही. तेथे टाकी भरलेली ठेवणे किंवा मध्ये छोटी टाकी बसवणे हा उपाय. पेट्रोलच पंपाला थंड ठेवते, म्हणून काट्यावर गाडी चालवणाऱ्याचा पंप लवकर जातो.

२०१३ ची पोलो जीटी टीएसआय आणि तिच्यासारख्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. त्यांना दोन पंप असतात: टाकीतला, आणि इंजिनावर कॅमने चालणारा शंभर बारच्या पुढचा. तेथे टाकीतला बदलून भागत नाही, वरचा कमी पडला तर गाडी कमीच पडणार. असे काम अनुभव नसताना घेऊ नये.

पंप घेताना तो इथेनॉलला चालणारा आहे का ते विचारावे. टाकीच्या आतली नळी बुडून राहण्याच्या दर्जाचीच घ्यावी. साधी रबरी नळी आतून-बाहेरून फुगते आणि फाटते. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसते आणि पंप तेच आधी ओढतो. नावाजलेल्या पंपांची हुबेहूब नक्कल बाजारात आहे. पण कॅन भरून पाहणाऱ्याला ती फसवू शकत नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि विम्याला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी पुढे येतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. भाचा आता प्रत्येक टर्बो गाडीच्या बिलावर तीन आकडे लिहून सही घेतो: दाब, पंपाच्या प्लगवरचे व्होल्ट, अर्ध्या मिनिटाचे लिटर. या हंगामात दोन गिऱ्हाइके ते आकडे पाहून मोठा पंप न घेताच परत गेली. त्यातला एक पुढच्या आठवड्यात नुसती वायर बदलून घ्यायला आला.