कोलेस्टेरॉलचा आकडा आणि हृदयविकाराची जोखीम : कष्टकरी रुग्णांच्या संदर्भात एक अभ्यास

हृदयविकार हा सुखवस्तू माणसांचा आजार आहे, अशी समजूत समाजात अद्याप खोलवर रुजलेली आहे. संगमनेर व अकोले तालुक्यांतून आमच्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांकडे पाहिले असता ही समजूत किती घातक आहे, याची प्रचीती येते. वर्षभराच्या कार्याचा आढावा देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवत असतानाच या विषयाचा अभ्यासही मांडावा, असे आम्हांस वाटले.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार दिसणारे चित्र असे : विडी उद्योगासाठी संगमनेर पूर्वापार ओळखले जाते. मांडीवर सूप घेऊन, घरकाम आटोपल्यावर तासन्‌तास विड्या वळणारी पन्नाशीची एखादी बाई तपासणीस येते. अंगाने किडकिडीत, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावण्याची सवय. चार पावले भरभर चालले की धाप लागते, छातीत जळजळते आणि पाठीत भरून येते, एवढीच तिची तक्रार असते. घरच्यांनी पित्त समजून सोडा दिलेला असतो. ईसीजी काढल्यावर मात्र हृदयाच्या स्नायूला पूर्वीच इजा होऊन गेल्याचे दिसते. पुणे-नाशिक महामार्गावर रात्रंदिवस गाडी चालविणारा चाळिशीतला चालक, हंगामात उसाच्या फडात राबणारा मजूर, यांचीही कथा याहून फारशी वेगळी नसते. यांपैकी बहुतेकांचे कोलेस्टेरॉल त्यापूर्वी कधीही तपासलेले नसते.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. तो मुळात शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, पित्तरस आणि ड जीवनसत्त्व यांच्या निर्मितीसाठी तो आवश्यक असतो, आणि त्याचा बराचसा भाग आपले शरीर स्वतःच तयार करते. तो पाण्यात विरघळत नसल्याने रक्तातून प्रथिनांच्या वाहनांत बसून प्रवास करतो. एलडीएल हे वाहन कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचविते. ते प्रमाणाबाहेर वाढल्यास रोहिणीच्या अस्तरात शिरून साचू लागते. एचडीएल हे वाहन जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यास मदत करते. ट्रायग्लिसराइड हा चरबीचा आणखी एक प्रकार असून गोड पदार्थ, मैदा, मद्य आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे तो वाढतो.

रोहिणीतील हा थर वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो. तो दुखत नाही, त्याने ताप येत नाही. एके दिवशी थराचे आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा खंडित होतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. झटका अचानक येतो. आजार मात्र अचानक आलेला नसतो.

अहवालातील आकडा कसा वाचावा?

एकूण कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅमच्या आत असले, की 'रिपोर्ट नॉर्मल आहे' असे म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. हे नेहमीच योग्य नसते. समजा, एखाद्याचे एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २२० आहे. एकूण आकड्यातून एचडीएल वजा केल्यास १५८ उरतात. यास नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रोहिणीत साचू शकणारे सर्व कोलेस्टेरॉल त्यात येते. ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४४, आणखी वजा केल्यास एलडीएलचा अंदाज येतो : ११४.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी जोखमीच्या व्यक्तीचेही एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत असावे. मधुमेहासारखी मोठी जोखीम असल्यास एलडीएल ७० च्या आत, आणि झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे ५५ च्या आत असावे. म्हणजे १९० हा वरकरणी निर्धोक आकडा वरील व्यक्तीच्या बाबतीत निर्धोक नाही. ती व्यक्ती मधुमेही असेल, तर तो स्पष्ट इशाराच आहे. एकच आकडा दोन माणसांत दोन निराळे अर्थ सांगतो. म्हणूनच तपासणी रक्ताची असली, तरी निदान माणसाचे करावे लागते.

सडपातळ देह, आतील चरबी

भारतीयांच्या बाबतीत 'अंगाने बारीक म्हणजे सुरक्षित' हे सूत्र फसवे ठरते. याचा मूलगामी अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. जन्मतः वजनाने कमी असलेल्या आपल्या बालकांत स्नायू कमी, परंतु चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक, असे त्यांना आढळले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, बॉडी मास इंडेक्स २२.३, तरीही शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते पोटाच्या घेरात आणि रक्ताच्या तपासणीत दिसते.

याच सुमारास ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या संशोधनातून असे पुढे आले, की दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका मध्यमानाने वयाच्या ५३ व्या वर्षी येतो. अन्य देशांत हेच वय सुमारे ५९ आहे. कर्त्या माणसाची ही सहा वर्षे म्हणजे बहुधा मुलांच्या शिक्षणाची, मुलीच्या लग्नाची आणि कर्जफेडीची वर्षे असतात. याच संशोधनात विडी ओढणाऱ्यांत झटक्याची जोखीम सुमारे तिप्पट, तर तंबाखू चघळणाऱ्यांत दुपटीहून अधिक आढळली. मिश्री ही दात घासण्याची पूड नसून जाळलेला तंबाखूच आहे, हे आमच्या माता-भगिनींना आवर्जून सांगणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तपासणी कोणी करावी?

वरील मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येकाने वयाच्या अठराव्या वर्षी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, तंबाखूचे व्यसन, वाढलेला पोटाचा घेर, तसेच पाळी बंद झालेल्या स्त्रिया, यांनी टाळाटाळ करू नये. थायरॉइडच्या कमतरतेनेही कोलेस्टेरॉल वाढते. मानसिक आजारावरील काही औषधांनी वजन व चरबी वाढू शकते. अशा रुग्णांची तपासणी घरच्यांनी लक्षात ठेवून करवून घ्यावी, मात्र ती औषधे परस्पर बंद करू नयेत.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एक विशेष विनंती. घरातील पुरुषास पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीस पासष्टच्या आत झटका आला असेल, तर त्यांच्या भावंडांची व मुलांची तपासणी अवश्य करावी. काही घराण्यांत कोलेस्टेरॉलचे आधिक्य आनुवंशिक असते, आणि तेथे केवळ पथ्याने भागत नाही.

पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी येणे आवश्यक नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आढळल्यास तेवढ्यापुरती ती पुन्हा उपाशीपोटी करावी लागते. रोजंदारी बुडते म्हणून तपासणी टाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आहार आणि औषध

आपला पारंपरिक आहार मुळात वाईट नाही. बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे हे हृदयास पोषकच आहे. घात होतो तो पुनःपुन्हा तापविलेल्या तेलातील वडा-भजी, वनस्पती तुपातील खारी-बिस्किटे, फरसाण आणि दिवसातून सहा-सात वेळा घेतलेला गोड चहा यांनी. तूप-लोणी बेताने घ्यावे. दुधाचा व्यवसाय घरचा असला, तरी साय घरीच संपविली पाहिजे असे नाही.

पथ्यानंतरही जोखीम उरल्यास स्टॅटिन गटातील औषध द्यावे लागते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात या औषधाचा शोध लावला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत स्टॅटिनमुळे मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. २००२ मध्ये ब्रिटनमधील वीस हजारांहून अधिक जोखमीच्या रुग्णांवरील चाचणीत झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाल्या, आणि हा लाभ मूळचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसणाऱ्यांनाही मिळाला. क्वचित स्नायूदुखी होते, काहींची साखर किंचित वाढते; गरोदरपणात ही औषधे सामान्यतः देत नाहीत. अशी शंका आल्यास डॉक्टरांना भेटावे. 'रिपोर्ट चांगला आला, आता गोळी कशाला' असे म्हणून औषध बंद करणे मात्र धोक्याचे आहे. रिपोर्ट चांगला आला, तो गोळी चालू होती म्हणूनच.

पहिला तास

छातीवर दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणे, दरदरून घाम, अकारण धाप, विशेषतः स्त्रिया व मधुमेहींमध्ये नुसतीच जळजळ आणि गळून जाणे, यांपैकी काहीही जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि जेथे ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात तत्काळ यावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे गुणकारी ठरते. अँजिओप्लास्टीसाठी नाशिक वा पुणे गाठावे लागलेच, तरी ईसीजी आणि प्राथमिक उपचार येथेच झालेले असावेत.

आमचा धडा आणि आपणांस विनंती

शेवटी एक प्रांजळ कबुली. एक दिवसाचे शिबिर घ्यावे, रक्त तपासावे, अहवालाचा कागद हाती द्यावा आणि समाधान मानावे, असे आम्हीही पूर्वी करीत असू. तो कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत जात असे. पुढे तीच व्यक्ती झटका घेऊन दाखल झाली, की पेटीतला कागद आमच्यासमोर येई. धोका आम्हांस ठाऊक होता. त्या व्यक्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता. तपासणी म्हणजे उपचार नव्हे, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, असे कायद्याने ठरलेले आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधारही आहे. तथापि ही मदत रुग्ण खाटेवर आल्यानंतरची. त्याच्यावर खाटेची वेळच येऊ नये, यासाठी लागते ती रोजची गोळी, तीन महिन्यांनी फेरतपासणी आणि न येणाऱ्याच्या घरी जाऊन चौकशी करणारी आरोग्यसेविका. जेनेरिक स्टॅटिनची गोळी अवघ्या काही रुपयांची असते. परंतु ती बारा महिने मिळावी लागते.

देणगी देताना यंत्रसामग्री व इमारत यांच्या बरोबरीने या न दिसणाऱ्या कामाचाही विचार व्हावा, अशी दानशूर देणगीदारांना व माननीय विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे. त्यावर नावाची पाटी लागणार नाही. परंतु एखाद्या घरातील कर्ती बाई पुढील वर्षीही आपल्या सुपापाशी बसलेली असेल, मुलांना वाढत असेल, आणि तिला आमच्या अतिदक्षता विभागाचा रस्ता ठाऊकही नसेल. आपल्या दानाचे याहून मोठे फलित आम्हांस दिसत नाही.