संशोधन मंडळाचे सार्वजनिक दायित्व : वऱ्हाडातील पोथ्या

इतिहास संशोधन मंडळ म्हणजे जुन्या कागदपत्रांचे कोठार, अशी आपली समजूत असण्याचा संभव आहे. ती अपुरी कशी, हे अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. श्रीगोविंदप्रभूंच्या या क्षेत्री तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत उतरविले. मठांतून पोथ्या निष्ठेने जपल्या गेल्या. पंथाबाहेरच्या अभ्यासकाला मात्र त्यांतील अक्षर लागत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळा लिपीचा उलगडा केला आणि मराठी गद्याच्या आरंभाचा इतिहास नव्याने मांडावा लागला. यवतमाळच्या शारदाश्रमातून य. खु. देशपांडे यांनी हेच कार्य वऱ्हाडात पुढे नेले.

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. अभ्यासकाला जी पोथी साधन वाटते, ती अनुयायांना पूजनीय असते. १९७८ साली वि. भि. कोलते संपादित ‘लीळाचरित्र’ शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा अनुयायांकडून त्यास आक्षेप घेतले गेले. म्हणून पोथी हलविण्याचा हट्ट मंडळाने धरू नये. धारकाच्या संमतीने छायाप्रत घ्यावी, असे आम्हांस वाटते. सूची छापण्यात मात्र हयगय नको. कोणती पोथी कोठे आहे, हे अकोल्याच्या विद्यार्थ्याला घरबसल्या कळलेच पाहिजे.

उपक्रम : आपल्या गावातील एखाद्या हस्तलिखिताची धारकाच्या अनुमतीने नोंद करा. विषय, लिपी, पत्रसंख्या आणि असल्यास लेखनशक लिहा. पोथी हाताळू दिली नाही, तर आग्रह करू नका.