शेती-अवजारांच्या दुकानाची मागची खोली

कापड आणि हिरे या दोन धंद्यांनी सुरतेचे नाव दूरवर नेले. त्यामुळे शहरापासून तासाभराच्या आत भरभराटीस आलेल्या एका तिसऱ्या व्यापाराकडे आपल्या बहुतेक सभासद बंधूंचे लक्ष जात नाही. बारडोली, कामरेज, ओलपाड, मांडवी या तालुक्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर व शेती-अवजारे विकणारी दुकाने आहेत. ज्या घरातील तरुण नुकताच पेढीवर बसू लागला आहे, त्याने अशा एखाद्या दुकानात एक सकाळ अवश्य घालवावी. तेथे काय पाहावे, याचे दिग्दर्शन करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

या धंद्याचे मूळ पाण्यात आहे. तापीवर प्रथम काकरापारचा बंधारा झाला, पुढे १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. येथील काळी जमीन भारी व चिकट. ती वेळेत खोल नांगरून सऱ्या पाडावयाच्या, म्हणजे यंत्राचे बळ हवेच.

दुकानाच्या दर्शनी भागात नवे ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. गिऱ्हाईक किती अश्वशक्तीचा म्हणून विचारते. जाणता शेतकरी मात्र मागील दांड्यावर प्रत्यक्ष किती शक्ती मिळते हे विचारतो. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची परीक्षा होते. तिचा अहवाल दुकानदाराने आपण होऊन पुढे ठेवला, तर ते दुकान चांगले समजावे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनविले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे ते प्रथम खपेनात. आज ती समजूत उरलेली नाही. पण ‘माझ्या शेतात चालवून दाखवा’ ही मागणी कायम आहे, आणि ती रास्तच आहे.

खरा अभ्यास मागच्या खोलीत आहे. तेथे फळ्यांवर बेअरिंगे, ऑइल सील, फिल्टर, नांगराचे फाळ आणि राजकोटकडील रोटाव्हेटरची वाकडी पाती रचलेली असतात. कापडाचा तागा या हंगामात न खपला तर थोडे नुकसान सोसून पुढे विकता येतो. येथे उलटे आहे. ऐन लावणीत शेतकऱ्याचे शे-दोनशे रुपयांचे बेअरिंग फुटले आणि दुकानात ते नसले, तर त्याचा वाफसा निघून जातो. उलट सगळेच सुटे भाग भरून ठेवावेत, तर जुन्या बनावटीचा माल वर्षानुवर्षे पडून राहून भांडवल अडते. कोणता भाग किती ठेवावा, हे ज्याला गेल्या पाच वर्षांच्या वहीवरून सांगता येते तोच या धंद्यात टिकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर, तर त्याच्या सुट्या भागांवरील १८ वरून ५ वर आला. ज्यांच्या खोलीत त्या दिवशी जुन्या दराचा माल भरलेला होता, त्यांनी तो हिशोब कसा बसविला, हेही विचारून घ्यावे.

उधारीचा प्रकार वेगळा. ट्रॅक्टरचे पैसे बहुधा बँकेच्या कर्जातून येतात, पण सुट्या भागांची उधारी दुकानदाराच्या वहीतच चढते. उसाचे पैसे कारखान्याकडून हप्त्याहप्त्याने मिळतात, म्हणून वसुलीचे वेळापत्रकही त्यावरच बसवावे लागते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तगादा लावणारा येथे दोन वर्षांत गिऱ्हाईक गमावील.

आता एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. ट्रॅक्टरच्या मागील फिरता दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडला, तर हात मागे घेण्यास अवसर उरत नाही. म्हणून दांड्यावर प्लास्टिकचे आवरण असते. ग्रीस भरताना अडचण होते म्हणून कित्येक ठिकाणी ते काढून टाकतात, आणि विकणारा ते पाहूनही गप्प बसतो. पांजरापोळास उदार हस्ते देणाऱ्या आपल्या समाजास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मळणीयंत्राच्या बाबतीत तर १९८३ च्या धोकादायक यंत्रांच्या कायद्याने बनविणाऱ्याबरोबर विकणाऱ्यालाही बांधून घेतले आहे. यंत्राच्या तोंडाशी पेंढी सारण्याची झाकलेली लांब पन्हळ असावी, म्हणजे हात पात्यांपर्यंत पोचत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर नव्या ट्रॅक्टरची किंमत विचारण्याआधी दांड्याचे आवरण सुटे मिळते का, हे विचारावे. ते फळीवर असेल, तर आवरण न काढता ग्रीस कसे भरावे हे दुकानातील मिस्त्रीकडून मुलांना दाखवून घ्यावे.