वितळजोडानंतर उरणारे बळ

इंग्लंडमध्ये १९५० नंतरच्या दशकात काही तरुणांनी नॉर्टन मोटरसायकलच्या 'फेदरबेड' सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसविण्यास सुरुवात केली. दोन्ही नावे एकत्र होऊन या संकराला 'ट्रायटन' असे नाव पडले. एका कारखान्याचे इंजिन दुसऱ्या कारखान्याच्या सांगाड्यात बसवावयाचे म्हणजे मधल्या पाट्या स्वतःच कापून घ्याव्या लागत. त्या पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या असत. स्वाराला पुढे वाकून बसता यावे म्हणून पाय ठेवण्याच्या दांड्याही मागे सरकवीत, आणि त्यांच्यासाठी नवा आधार, ज्याला कारागीर ब्रॅकेट म्हणतात, तयार करावा लागे. इंजिनाच्या पाट्या बोल्टांनी आवळल्या की भागते. पायदांडीच्या आधाराला मात्र दांडी बसण्यासाठी एक जाड, भोक असलेला गोल तुकडा जोडावा लागतो, आणि हा जोड वितळवून, म्हणजे वेल्डिंगने, करण्याचा मोह साहजिकच होतो. येथून धातूच्या निवडीचा प्रश्न अवघड होऊ लागतो.

नवखा माणूस प्रथम मिश्रधातूंचे कोष्टक उघडतो आणि सर्वांत मोठा आकडा शोधतो. तो आकडा बहुधा ७०७५ या मिश्रधातूपुढे आढळतो. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेला हा धातू टी६ या अवस्थेत सुमारे ५०० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही. (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन, सुमारे १०० ग्रॅम वजनाइतके बल.) विमानांच्या बांधणीत त्याला मोठा मान आहे, परंतु विमानात तो रिव्हेटांनी व बोल्टांनी जोडतात. वितळवून जोडू गेल्यास तो तडकतो. वितळलेला रस थिजू लागला की स्फटिकांचे कण आधी घट्ट होतात. तांबे आणि जस्त यांनी समृद्ध असा उरलेला पातळ रस मात्र कणांच्या सीमांवर बराच काळ द्रवच राहतो. त्याच वेळी भोवतालचा धातू आकसत असतो. त्या ओढाताणीत सीमा उकलतात. जोड वरून गुळगुळीत दिसला तरी आत केसासारखी भेग असू शकते, आणि ती स्वाराच्या पायाखाली केव्हा उघडेल हे सांगता येत नाही.

७०७५ सोडला म्हणजे नजर ६०६१ कडे वळते. भारतीय बाजारात याच जातीचा धातू 'एचई २०' किंवा '६५०३२' या नावांनीही मागतात. यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते, आणि टी६ अवस्थेत तो सुमारे २७५ मेगापास्कलपर्यंत टिकतो. योग्य भरणतार वापरली तर तो चांगला जोडलाही जातो. मग अडचण कोठे आहे? अडचण टी६ या दोन अक्षरांत आहे.

लोहार तापलेल्या पोलादाला पाणी पाजतो तेव्हा ते तत्क्षणी कठीण होते. १९०६ मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमवर हाच प्रयोग करीत होता. पाण्यात बुडवल्यावर धातू मऊच राहिला. तो तसाच पडून राहिला, आणि काही दिवसांनी मोजले तेव्हा त्याचा कठीणपणा पुष्कळ वाढलेला आढळला. पुढे 'ड्युरॅल्युमिन' म्हणून प्रसिद्ध झालेला धातू तो हाच. कारण समजावयास मात्र १९३८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिले की अशा धातूत मिसळलेले अणू हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके बनवितात. स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरू लागले की हे पुंजके त्यांना अडवितात. ६०६१ चे बळही अशाच पुंजक्यांचे असते. तो सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात बुडवितात आणि नंतर १६० ते १७५ अंशांवर काही तास ठेवतात. त्याचे फळ म्हणजे टी६.

वेल्डिंगची ज्योत हे सारे मोडून टाकते. जोडाच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ मिलिमीटरच्या पट्ट्यात पुंजके विरघळतात किंवा फुगून निरुपयोगी होतात. त्या पट्ट्याची सहनशक्ती २७५ वरून १०५ ते ११५ वर येते. विकत घेतलेले निम्म्याहून अधिक बळ पाच मिनिटांत निघून जाते, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

हा उतार किती महाग पडतो ते एका हिशेबावरून कळेल. आपला आधार ५० मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड असून दोन बोल्टांवर खाली लोंबतो, आणि पायदांडी त्यापासून बाहेर निघते, असे समजा. पायाचा भार पट्टीपासून ७० मिलिमीटरवर पडतो. ७५ किलोग्रॅमचा स्वार खड्ड्यावरून जाताना एका पायावर उभा राहिला, तर झटक्यासह तो भार २०० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे २,००० न्यूटन, धरणे अतिशयोक्तीचे नाही. मग पट्टीत वाकण्यामुळे उत्पन्न होणारा ताण सुमारे २६० मेगापास्कल येतो. कोष्टकातील २७५ पाहून मनुष्य निश्चिंत होईल. प्रत्यक्षात जोडाजवळची पट्टी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वाकेल.

५०८३ हा धातू येथे उपयोगी पडतो. मॅग्नेशियम (सुमारे साडेचार टक्के) हेच त्याचे मुख्य मिश्रण. त्याचे बळ पुंजक्यांचे नसून विरघळलेल्या मॅग्नेशियमचे आणि थंड लाटण्याचे असते. वेल्डिंगने लाटण्याची कमाई जाते, विरघळलेल्याची राहते. लाटलेल्या पत्र्याचे सुमारे २१५ मेगापास्कल बळ उतरून सुमारे १२५ वर थांबते. आरंभी मागे असलेला हा धातू शेवटी ६०६१ च्या थोडा पुढे जातो. जहाजबांधणीत त्याला पसंती मिळते ती उगीच नव्हे. ७०२० नावाचा आणखी एक धातू जोडल्यानंतर महिनाभर नुसता पडून राहिला तरी गमावलेल्या बळापैकी बरेचसे परत मिळवितो. परंतु तो सहज मिळत नाही, आणि ताण व गंज एकत्र आले की तडकण्याची खोड त्याला आहे.

मात्र १२५ हासुद्धा २६० च्या निम्माच. धातू बदलून हा प्रश्न सुटत नाही. जाडी बदलून सुटतो. वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. ८ ऐवजी १२ मिलिमीटर जाडी घेतली तर तो ११७ होतो, १५ घेतली तर ७५. आणि १५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ८ मिलिमीटरच्या पोलादी पट्टीच्या दोन-तृतीयांश वजनाचीच भरते.

भरणतारेचा विचार थोडक्यात आटोपता येतो. ५०८३ साठी मॅग्नेशियमची ५३५६ ही तार घ्यावी. सिलिकॉनची ४०४३ ही तार ६०६१ वर सहज वाहते, पण ५०८३ वर तिने जोड ठिसूळ होतो. उलट, सतत ६५ अंशांहून अधिक तापणाऱ्या जागी, उदाहरणार्थ इंजिनाला किंवा धुराड्याला टेकलेल्या आधारात, ५३५६ आणि ५०८३ दोन्ही टाळावीत. तेथे ६०६१ आणि ४०४३ हीच जोडी बरी. तार कोणतीही असो, जोडण्यापूर्वी कडा तेलमुक्त करून स्टेनलेस पोलादाच्या वेगळ्या ब्रशाने घासाव्यात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो, त्यावरची ऑक्साइडची साय २,००० अंशांनंतर. ती तशीच राहिली तर रसात बुडून दोष बनते.

एवढे करूनही शीण उरतो. पोलादात ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी बहुधा भेग पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. इंजिनाच्या कंपनांची गणती लाखांत होते, आणि भेग प्रथम जोडाच्या काठाशी पडते. म्हणून काठ अलगद उतरता ठेवावा आणि जोड बोल्टांच्या भोकापासून दूर ठेवावा. दर काही महिन्यांनी आधार पुसून जोडाचा काठ भिंगाखाली पाहावा.

ब्रेकचा जबडा धरणारा आधार या पद्धतीने करूच नये. तो एकाच जाड पत्र्यातून कोरून काढावा. तेथे जोडच नसल्यामुळे ६०६१ टी६ चे २७५ पूर्णपणे आपल्या पदरात पडतात.